प्रेपोझिशनल फ्रेज ओळखायची कशी, आणि ती वाक्यात नेमकी कुणाची?



नेट किंवा पेटची तयारी करणारे, एमएस्सी संपवून सिनॉप्सिसच्या मागे लागलेले, अशा बऱ्याच जणांची अडचण एकसारखी असते. विषय कळतो. शब्दही बहुतेक माहीत असतात, जे नसतात ते डिक्शनरीत सापडतात. पण रिसर्च पेपरमधलं तीन ओळींचं एक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातातून सुटलेली असते. मग आपण म्हणतो, "माझं इंग्रजी कच्चं आहे."

खरं तर अडचण इंग्रजीची असते त्यापेक्षा वाक्याच्या रचनेची जास्त असते. शास्त्रीय लेखनात एकामागून एक प्रेपोझिशनल फ्रेजेस लावलेल्या असतात, मालगाडीच्या डब्यांसारख्या. डबा कोणता आणि इंजिन कोणतं हे कळलं की वाक्य आपोआप सुटं होतं. म्हणून या लेखात दोनच प्रश्न घेऊ. एक, प्रेपोझिशनल फ्रेज ओळखायची कशी? दोन, ती वाक्यातल्या कुठल्या शब्दाला जोडलेली आहे? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला आपली मराठी फार कामाला येते.

उदाहरणं सगळी लोणारची घेतली आहेत. मेहकरहून लोणारला जाताना आमचं सुलतानपूर लागतं, त्यामुळे हा विषय घरचाच. वाक्यं सरावासाठी तयार केलेली आहेत, कुठल्या पेपरमधून उचललेली नाहीत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा, फ्रेज कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कानाला लवकर कळतं.

आधी ओळख

शाळेत आपण प्रेपोझिशनला "शब्दयोगी अव्यय" म्हणायला शिकलो. ते अर्धंच बरोबर आहे. इंग्रजीत जे काम प्रेपोझिशन करतं ते मराठीत कधी शब्दयोगी अव्यय करतं, कधी विभक्तीचा प्रत्यय करतो. हे बघा:

- अंडर द लेक : सरोवराखाली (शब्दयोगी अव्यय)
- इन द लेक : सरोवरात (सप्तमी)
- फ्रॉम द लेक : सरोवरातून (पंचमी)
- ऑफ द लेक : सरोवराचा, सरोवराची, सरोवराचे (षष्ठी)

मराठीत हा तुकडा नामाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत तो नामाच्या पुढे, सुटा उभा राहतो. फरक एवढाच. प्रेपोझिशन, त्याचं नाम आणि त्या दोघांच्या मधे जे काही येईल ते, असं सगळं मिळून एक प्रेपोझिशनल फ्रेज होते. "इन द लेक" ही फ्रेज आहे, आणि "इन द शॅलो ग्रीन वॉटर" हीसुद्धा एकच फ्रेज आहे. मधे विशेषणं कितीही आली तरी नाम येईपर्यंत थांबायचं नाही.

ओळखण्याची पद्धत साधी आहे.

१. वाक्यात ऑफ, इन, ऑन, अ‍ॅट, फ्रॉम, टू, बाय, विथ, फॉर, अंडर, ड्युरिंग, बिट्वीन असे शब्द शोधा.

२. प्रत्येकाला प्रश्न विचारा: कशात? कशावर? कशापासून? कशाने? उत्तर देणारं नाम सापडलं की फ्रेज संपली.

३. त्या तुकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तो वगळून उरलेलं वाक्य वाचा.

वाक्य घेऊ:

"द वॉटर ऑफ द लेक टर्न्ड पिंक इन जून २०२०."

यात दोन फ्रेजेस आहेत: "ऑफ द लेक" आणि "इन जून २०२०". त्या वगळल्या की उरतं "द वॉटर टर्न्ड पिंक". पाणी गुलाबी झालं. हा वाक्याचा कणा. तुम्हाला आठवत असेल, त्या जूनमध्ये लोणारचं पाणी खरंच गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, आणि हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आला असं समोर आलं.

आता जरा लांब वाक्य:

"द कॉन्सन्ट्रेशन ऑफ सॉल्ट्स इन द वॉटर्स ऑफ द लेक व्हेरीज विथ द सीझन."

रेघा मारून बघा. "ऑफ सॉल्ट्स", "इन द वॉटर्स", "ऑफ द लेक", "विथ द सीझन". उरलं "द कॉन्सन्ट्रेशन व्हेरीज". इथे एक नियम लक्षात ठेवा, परीक्षेतही उपयोगी पडेल: प्रेपोझिशनच्या पोटातलं नाम वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. म्हणून "सॉल्ट्स" आणि "वॉटर्स" अनेकवचनी असले तरी क्रियापद एकवचनी "व्हेरीज" आहे. क्रियापदाच्या अगदी शेजारी "लेक" बसलं आहे, पण बदलतंय ते लेक नाही, क्षारांचं प्रमाण बदलतंय.

प्रेपोझिशनसारखे दिसणारे, पण नसलेले

रेघा मारायला लागलात की काही ठिकाणी फसगत होते. नेहमीच्या पाच जागा सांगून ठेवतो.

पहिली, "टू". "टू मेजर द डेप्थ" यात "टू"नंतर क्रियापदाचं मूळ रूप आहे, म्हणून ही प्रेपोझिशनल फ्रेज नाही. "क्लोज टू द शोअर" यात "टू"नंतर नाम आहे, म्हणून आहे. थोडक्यात, "टू"च्या पुढे काय आलं ते बघा.

दुसरी, क्रियापदाला जोडून आलेले छोटे शब्द. "दे कॅरिड आउट अ सर्व्हे" यात "आउट अ सर्व्हे" अशी फ्रेज नाही. "कॅरिड आउट" हे एकत्र क्रियापद आहे, म्हणजे पार पाडलं. कसोटी अशी की नामाच्या जागी "इट" घाला. "कॅरिड इट आउट" म्हणता येतं, म्हणजे "आउट" क्रियापदाचा सोबती. "दे वॉक्ड अराउंड द लेक" यात मात्र "वॉक्ड इट अराउंड" म्हणता येत नाही, "वॉक्ड अराउंड इट" असंच म्हणावं लागतं. म्हणजे "अराउंड द लेक" ही खरी प्रेपोझिशनल फ्रेज.

तिसरी, आफ्टर, बिफोर, सिन्स, अंटिल. "आफ्टर द रेन्स" ही फ्रेज आहे. "आफ्टर द रेन्स स्टॉप्ड" हे मात्र छोटं वाक्यच आहे, कारण त्यात स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद आहे. मराठीत फरक लगेच दिसतो: "पावसानंतर" आणि "पाऊस थांबल्यानंतर".

चौथी, संख्येच्या आधीचं "अबाउट" किंवा "ओव्हर". "द क्रेटर इज अबाउट १.८ किलोमीटर्स वाइड" यात "अबाउट" म्हणजे "सुमारे". तिथे प्रेपोझिशन नाही. "अ पेपर अबाउट द क्रेटर" यात आहे, कारण तिथे त्याचा अर्थ "विषयी".

पाचवी जागा उलट प्रकारची, म्हणजे आहे पण दिसत नाही. ड्यू टू, बिकॉज ऑफ, इन स्पाइट ऑफ, विथ रिस्पेक्ट टू हे दोन-तीन शब्द मिळून एकच प्रेपोझिशन धरायचं, त्याचे तुकडे करायचे नाहीत. तसंच "बाय हीटिंग द ग्लास" यात "हीटिंग" क्रियापदासारखं दिसतं, पण प्रेपोझिशननंतर आल्यामुळे ते नामाचं काम करतंय. "काच तापवून" ही सगळी एकच फ्रेज.

आता खरा प्रश्न: ही फ्रेज कुणाची?

फ्रेज ओळखणं ही पहिली पायरी. संशोधनात चुकायची जागा पुढे आहे. ही दोन वाक्यं बघा:

"द टीम स्टडीड माइक्रोब्स विथ पिंक पिगमेंट."

"द टीम स्टडीड माइक्रोब्स विथ अ मायक्रोस्कोप."

दोन्हीकडे क्रम तोच, प्रेपोझिशन तेच, जागाही तीच. पण पहिल्यात "विथ पिंक पिगमेंट" ही फ्रेज माइक्रोब्सची आहे, म्हणजे गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. दुसऱ्यात "विथ अ मायक्रोस्कोप" ही स्टडीडची आहे, म्हणजे मायक्रोस्कोपने अभ्यास केला. सूक्ष्मजीवांकडे मायक्रोस्कोप नव्हता.

इंग्रजीत हा फरक रूपात दिसत नाही, वाचणाऱ्याने तो समजून घ्यायचा असतो. मराठीत बहुतेक वेळा तो बोलूनच दाखवावा लागतो. फ्रेज नामाची असेल तर मराठीत चा-ची-चे, तला-तली-तले, वरचा, जवळचा, नंतरचा, मधील, असलेला अशी रूपं येतात. क्रियापदाची असेल तर त, वर, ने, हून, जवळ, नंतर असे प्रत्यय किंवा अव्ययं तशीच राहतात.

- काठावरचे दगड मोजले. (कोणते दगड? फ्रेज नामाची.)
- काठावर दगड मोजले. (कुठे मोजले? फ्रेज क्रियापदाची.)

म्हणून माझा सल्ला असा आहे. इंग्रजी वाक्य अडलं की त्या एका फ्रेजचं मराठी करून बघा. "-चा" लावावासा वाटतोय की नाही, एवढंच तपासायचं. लागला तर "कोणता?" या प्रश्नाचं उत्तर मिळतंय, फ्रेज नामाची. नाही लागला तर "कुठे, कधी, कसं, कशाने?" याचं उत्तर मिळतंय, फ्रेज क्रियापदाची. मराठी माध्यमातून शिकलो म्हणून मागे पडलो, असं वाटणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. ही कसोटी आपल्याला आयती मिळालेली आहे.

सोबत दोन लहान कसोट्याही ठेवा. फ्रेज उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवता येते का? "इन जून २०२०, द वॉटर टर्न्ड पिंक" चालतं, म्हणजे फ्रेज क्रियापदाची किंवा सगळ्या वाक्याची. "ऑफ द लेक, द वॉटर टर्न्ड पिंक" चालत नाही, म्हणजे नामाची. दुसरं, "ऑफ" दिसलं की ते जवळजवळ नेहमी आधीच्या नामाचंच असतं. "कन्सिस्ट ऑफ"सारखी क्रियापदं हा अपवाद.

आणि एक तिसरा मालक विसरू नका, विशेषण. "द वॉटर इज रिच इन सोडियम" यात "इन सोडियम" ही फ्रेज "रिच"ची आहे. सेन्सिटिव्ह टू, सिमिलर टू, इंडिपेंडंट ऑफ हे याच घरातले.

यात बिघडतं काय?

आता कुणी म्हणेल, व्याकरणाचा एवढा कीस कशाला? तर हे वाक्य घ्या. समजा एखाद्या पेपरच्या पद्धतीच्या भागात आलंय:

"वी टेस्टेड द वॉटर ऑफ द स्प्रिंग आफ्टर द रेन्स."

झऱ्याचं पाणी तपासलं, इथवर ठीक. "आफ्टर द रेन्स" कुणाची?

- पावसानंतर आम्ही झऱ्याचं पाणी तपासलं.
- आम्ही झऱ्याचं पावसानंतरचं पाणी तपासलं.

पहिल्या अर्थात तपासणी पावसानंतर झाली. पाणी कधी भरलं ते वाक्य सांगत नाही. मे महिन्यात भरून ठेवलेल्या बाटल्या ऑक्टोबरमध्ये लॅबमध्ये उघडल्या असतील, तरी वाक्य खरंच ठरतं. दुसऱ्या अर्थात पाणीच पावसानंतरचं आहे, तपासणी जानेवारीत झाली तरी चालेल. आता तुम्हाला हाच प्रयोग लोणारच्या गोमुख धारेवर पुन्हा करायचाय. बाटल्या घेऊन जायचं कधी, मे मध्ये की ऑक्टोबरमध्ये? एका फ्रेजच्या मालकीवर तुमचं वर्षभराचं सॅम्पलिंग उभं राहतं.

दुसरा धोका सारांश लिहिताना येतो. मघाशी आपण फ्रेजेस वगळून कणा काढला, तो वाक्य समजण्यापुरता. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना बरेच जण तेवढाच कणा उचलतात आणि फ्रेजेस "जादा माहिती" समजून टाकून देतात. पण शास्त्रात दाव्याच्या अटी बहुतेक वेळा फ्रेजमध्येच राहतात: किती तापमानाला, कुठल्या नमुन्यात, कुठल्या काळात, कोणत्या पद्धतीने.

लोणारच्या वयाचंच बघा. बसाल्ट खडकातलं हे विवर उल्कापाताने झालं हे आता मान्य आहे, पण कधी झालं? थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५२,००० वर्षं येतं. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षं आलं. दहापटीहून जास्त फरक. अशा वेळी "द एज ऑफ द क्रेटर इज ५२,००० इयर्स" एवढंच लिहून थांबलात तर वाचणाऱ्याला वाटेल प्रश्न मिटलेला आहे. "बाय थर्मोल्युमिनेसन्स" ही दोन शब्दांची फ्रेज सोबत ठेवली की तेच वाक्य प्रामाणिक होतं. व्हायवामध्ये परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात: "हा आकडा कशावरून?"

तज्ज्ञांनाही जमतं का?

या प्रश्नावर भाषा आणि कॉम्प्युटर यांच्या सीमेवर बरंच काम झालं आहे. वाक्याची फोड कॉम्प्युटरकडून करून घेताना फ्रेज नामाला जोडायची की क्रियापदाला, हे ठरवणं अवघड जातं. अद्वैत रत्नपारखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावर एक पेपर लिहिला. त्यात माणसांचीही परीक्षा घेतली होती. वाक्यांची फोड करण्यात मुरलेल्या तज्ज्ञांना आधी फक्त चार शब्द दिले: क्रियापद, त्याचं नाम, प्रेपोझिशन आणि प्रेपोझिशनचं नाम. त्यांची सरासरी अचूकता ८८.२ टक्के आली. मग पूर्ण वाक्य दिलं, तेव्हा ती ९३.२ टक्के झाली.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, पूर्ण वाक्य समोर असूनही तज्ज्ञांचं शंभर टक्के जमलं नाही, तेव्हा एखादं वाक्य अडलं म्हणून खचायचं कारण नाही. दोन, संदर्भ वाढला की अचूकता वाढते. म्हणून अडलेल्या वाक्याशी झटत बसू नका. आधीचं वाक्य, पुढचं वाक्य, पेपरमधला तक्ता, आकृतीखालची ओळ बघा. पाणी कधी भरलं हे बहुतेक वेळा तक्त्यात तारखेसकट मिळतं.

स्वतः लिहिताना

वाचताना आपल्याला जो त्रास होतो तो आपल्या वाचकाला देऊ नये. सिनॉप्सिसमधल्या पद्धतीच्या भागातली वाक्यं मराठीत दोन प्रकारे करून बघा. दोन्ही अर्थ निघत असतील तर वाक्य बदला. बहुतेक वेळा एक क्रियापद घातलं की पुरतं: "वॉटर कलेक्टेड आफ्टर द रेन्स" असं लिहिलं की शंका उरत नाही. नाहीतर काळाची फ्रेज वाक्याच्या सुरुवातीला न्या. आणि एका नामामागे चार-चार फ्रेजेस लागल्या असतील तर सरळ दोन वाक्यं करा. गाईड रागावत नाहीत, उलट त्यांचा वेळ वाचतो.

थोडा सराव

आधी स्वतः रेघा मारा, मग उत्तरं बघा.

१. "द लेक वॉज अ‍ॅडेड टू द लिस्ट ऑफ रामसर साइट्स इन २०२०."

२. "आफ्टर द कलर चेंज्ड, सायंटिस्ट्स फ्रॉम पुणे कॅरिड आउट टेस्ट्स टू फाइंड द कॉज."

३. "वी फोटोग्राफ्ड द बर्ड्स ऑन द रिम."

पहिल्यात तीन फ्रेजेस आहेत. "टू द लिस्ट" आणि "इन २०२०" क्रियापदाच्या, "ऑफ रामसर साइट्स" ही लिस्टची. रामसर स्थळांच्या यादीत, २०२० मध्ये.

दुसऱ्यात एकच, "फ्रॉम पुणे", आणि ती सायंटिस्ट्सची: पुण्याचे शास्त्रज्ञ. "आफ्टर"च्या पुढे पूर्ण वाक्य आहे, "आउट" क्रियापदाचा सोबती आहे, "टू"च्या पुढे क्रियापद आहे. तिन्ही सापळे एकाच वाक्यात होते.

तिसऱ्यात "काठावरचे पक्षी" की "काठावर उभं राहून फोटो काढले"? दोन्ही अर्थ निघतात, आणि एवढ्या एका वाक्यावरून ठरवता येणार नाही. "ठरवता येत नाही, आजूबाजूचा मजकूर लागेल" हे इथे बरोबर उत्तर आहे. कॅमेरा कुठे होता यावर पक्ष्यांची मोजणी अवलंबून असेल, तर पेपर लिहिणाऱ्याने ते स्पष्ट करायला हवं होतं.

पुढचे पंधरा दिवस रोज तुमच्या विषयातला एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट घ्या. सगळ्या फ्रेजेसखाली रेघा मारा, प्रत्येकीपासून तिच्या मालकापर्यंत बाण काढा, आणि जिथे बाण दोन ठिकाणी जाऊ शकतो तिथे प्रश्नचिन्ह करा. नेटच्या पहिल्या पेपरमधल्या उताऱ्यांनाही हा सराव उपयोगी पडेल. ज्या वाक्यावर प्रश्नचिन्ह राहिलं ते खाली लिहून पाठवा, आपण मिळून सोडवू.